वीज येणार आहे

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास माझ्या मोबाईलवर आलेला संदेश मला आजही शब्दन्‌शब्द आठवतो. 'पुढील तीन तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह विजांचा कडकडाट, सोसाट्याचा वारा व मुसळधार पावसाची शक्यता. नागरिकांनी आवश्यक ती खबरदारी घ्यावी.' यात चुकीचं काहीच नव्हतं. मी तो ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दोनदा वाचला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. समोरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलात, अकरा बाया ओणव्या होऊन रोवणी करत होत्या. त्यातल्या एकीनेही मान वर केली नाही.

मी गोंदिया जिल्ह्यात, दरेकशाच्या पुढच्या एका जंगलातल्या गावात आरोग्य सेविका होते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक ओसरी. माझं माहेर सातारा जिल्ह्याच्या कोरड्या भागातलं. आमच्याकडे पाऊस आला की लोक अंगणात येऊन उभे राहायचे, पळून घरात कोणी जात नसे. पावसाला फार नावंही नव्हती. उन्हाळ्यात आला तर वळीव, रिमझिम पडला तर भुरभुर, आणि बाकी सगळा नुसता पाऊस. इथे आल्यावर पहिल्याच मे महिन्यात कळलं की माझ्याकडे शब्द कमी आहेत आणि ते कमी असणं धोक्याचं आहे.

हे कळलं ते आशाताईमुळे. आशाताई म्हणजे आमच्या गावची आशा कार्यकर्ती. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, अंगाने किडकिडीत, बोलायला तिखट. सासर इथलं, माहेर सीमेपलीकडचं, छत्तीसगडातलं. त्या मे महिन्यात एका दुपारी ती सायकल टाकून ओसरीवर आली आणि म्हणाली, "बाई, वावधन येऊन रायलं. बाहेर नोका राहू जी."

मला वाटलं, वावधन नावाचे कोणी साहेब तपासणीला येत आहेत. मी घाईघाईने पांढरा कोट चढवला, लसीकरणाची वही काढली आणि साहेबांची गाडी दिसते का बघायला ओसरीच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. आशाताईने माझ्या कोटाची बाही धरून मला आत ओढलं. पाठोपाठ शेजारच्या गोठ्यावरचा टिनाचा पत्रा हवेतून गिरक्या घेत आला आणि पायरीपाशी जमिनीत उभा रुतला. मी जिथे उभी होते तिथून हातभर अंतरावर.

"हे वावधन," आशाताई धापा टाकत म्हणाली. "आता समजलं का जी?"

समजलं. त्यानंतर मी तिला प्रत्येक ढगाबद्दल विचारायला लागले. ती कंटाळायची, पण सांगायची. वारा एकटाच आला, झाडं मोडून गेला, तर ते वावधन. पाऊस तीन-चार दिवस हटलाच नाही तर ती झड. झडीला आवाज नसतो पण नाल्यावरचा रस्ता तीच बंद करते, म्हणून दिवस भरलेल्या बाईला झड लागायच्या आधीच तालुक्याच्या दवाखान्यात पोचवायचं. धूळ गोल गोल फिरत उठली तर ती वावटळ, तिला घाबरायचं नाही, फक्त पोराटोरांच्या डोळ्यांत जाते. गारांना तिच्या माहेरी 'करा' म्हणतात. आणि कचारगडाकडच्या डोंगरावर आभाळ जांभळट काळं झालं, वारा एकदम पडला, चिमण्या गप्प झाल्या, तर काही विचारत बसायचं नाही, छप्पर गाठायचं. त्याला ती काही नाव देत नसे. नुसतं म्हणायची, "त्याचा मिजाज बरोबर नाई."

मी हे सगळं शिकले आणि मला वाटलं, आता आपल्याला येतं.

तर त्या दिवशी. आषाढ अर्धा झाला होता आणि गावात दोन दिवसांपासून लाईन नव्हती. आधीच्या वावधनात विजेचे दोन खांब पडले होते. ग्रामपंचायतीचा भोंगा बॅटरीवर चालत होता, पण तो चालवणारा शिपाई तालुक्याला गेलेला. असा काही संदेश आला की किल्ली उपकेंद्रातून न्यावी आणि मी वाचावा, असं ठरलेलं होतं. आशाताई पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, एका बाळंतिणीकडे गेली होती.

रोवणीला आमच्या गावात मजूर कमी पडतात, म्हणून सीमेपलीकडून बायांची टोळी येते. त्या वर्षीही आली होती. सगळ्या समाजमंदिरात उतरल्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांच्यातली एक माझ्याकडे पायाला चिखल्या झाल्या म्हणून मलम न्यायला आली होती. तिशीची असेल. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या. मलम घेता घेता ती सारखी हाताने वारा घेत होती. समाजमंदिरात पंखा बंद, दारं लावली तर गुदमरायला होतं, उघडी ठेवली तर डास फोडून काढतात, असं काहीतरी ती तिच्या भाषेत सांगत होती. मला अर्धं समजलं.

आता मी भोंग्यावर होते आणि ती समोरच्या बांधीत, तिच्या सासूच्या शेजारी ओणवी होती. ग्रामपंचायतीच्या खिडकीतून दोन-तीनशे पावलांवर सगळं दिसत होतं. मधे मोकळी शेतं, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एकच मोठं मोहाचं झाड. कचारगडाच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं. वारा पडला होता.

मी दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर थांबले. कोणी हललं नाही. मला वाटलं, कागदावरची भाषा आहे, म्हणून पोचत नसेल. सोपं करून सांगावं. मी माईक तोंडाशी धरला आणि जीव तोडून ओरडले, "बायांनो, वीज येणार आहे! ऐकता का? वीज येणार आहे!"

या वेळी ऐकू गेलं. बाया सरळ झाल्या. हिरव्या लुगड्यातलीने चिखलाचा हात कपाळाशी नेऊन माझ्या दिशेने पाहिलं, हसली, आणि काहीतरी ओरडली. बाकीच्याही हसल्या. मग सगळ्या पुन्हा ओणव्या झाल्या. उलट आता गाणं सुरू झालं.

मला राग आला. मनात म्हटलं, मरायचंय का यांना? मी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच ओरडले. प्रत्येक वेळी माझा आवाज चढत होता आणि त्यांचं गाणं चालूच होतं.

तेवढ्यात आशाताईची सायकल दाराशी आदळली. ती घामाने भिजली होती. "बाई, का सांगून रायल्या जी तुम्ही त्याईले?"

"वीज येणार आहे म्हणून सांगतेय! ऐकतच नाहीत!"

"अवो, ते म्हणून रायल्या, बिजली आही त बने हे, पंखा चलही!" तिने कपाळावर हात मारला. "त्याईले वाटलं लाईन येऊन रायली! त्या खूश झाल्या ना जी!"

मी चार वेळा त्यांना आनंदाची बातमी दिली होती.

आशाताईने माझ्या हातातून माईक हिसकावला. "गाज!" ती ओरडली. "गाज गिरही! भागो वो! गाज!"

त्या एका शब्दाने, कोसळणाऱ्या विजेच्या त्यांच्या नावाने, काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. गाणं मधेच तुटलं. अकराच्या अकरा जणी झटक्यात उभ्या राहिल्या, हातातले रोपांचे पेंढे टाकले आणि पळत सुटल्या. पण पळाल्या त्या जवळच्या आडोशाकडे, मोहाच्या झाडाकडे.

"झाडाखाली नाई!" आशाताईचा आवाज भोंग्यातून फाटला. "पेड ले दूर! इकडे या! इकडे!"

पुढच्या वळल्या. धुऱ्यावरून रांगेने आमच्या दिशेने धावू लागल्या. थेंब सुरू झाले होते, टपोरे, लांब लांब पडणारे. मी मोजत होते. एक, दोन, पाच, आठ, नऊ. नऊच होत्या. म्हातारीचा पाय चिखलात रुतला होता आणि हिरव्या लुगड्यातली मागे फिरून सासूला ओढून काढत होती. निघाला पाय. दोघी धुऱ्यावर चढल्या. झाडापासून दहा-बारा पावलांवर असतील.

मग सगळं पांढरं झालं. आवाज आणि उजेड वेगळे आलेच नाहीत. माझ्या दातांत कळ गेली. डोळ्यांपुढचा पांढरा डाग ओसरला तेव्हा मोहाची एक मोठी फांदी खाली लोंबत होती, बुंध्यावरून वरपासून खालपर्यंत साल सोललेली होती, आणि धुऱ्यावर कोणी उभं नव्हतं.

मी पळाले. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. पळताना मला एवढंच वाटत होतं की हे मी केलं. चार वेळा ओरडण्यात जी मिनिटं गेली ती माझी होती. आशाताई माझ्या मागे पळत होती आणि ओरडत होती, "बाई, वाकून! वाकून पळा!"

म्हातारी बसली होती. पाय पुढे पसरलेले, ते तिला हलवता येत नव्हते, पण डोळे उघडे होते आणि ती ओरडत होती. सून उताणी पडली होती, एक हात बांधीच्या पाण्यात. तिचं पोलकं खांद्यापाशी जळालं होतं. बांगड्या फुटल्या होत्या. मी तिच्या नाकाशी गाल नेला. श्वास नव्हता. मानेला बोटं लावली. मानेच्या दुसऱ्या बाजूला लावून पाहिली. मग कळलं. नाडी नव्हती.

आम्हाला हे शिकवलं होतं. तालुक्याला, एका हॉलमध्ये, प्लास्टिकच्या बाहुलीवर. बाहुलीच्या छातीत स्प्रिंग होती, बरोबर दाबलं की टिक वाजायचं. माणसावर मी ते कधीच केलं नव्हतं. आशाताईने आणि मी तिला पाण्यातून ओढून धुऱ्यावर नीट घेतलं. मी गुडघ्यावर बसले, छातीच्या मधोमध तळवे ठेवले आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार.

म्हातारीने माझं मनगट धरलं. "गोबर!" ती किंचाळली. "गोबर लानव! गोबर मा गाडव!"

शेताचे मालक धावत आले होते. त्यांच्या खांद्यावर फावडं होतं. गाज पडलेल्या माणसाला शेणाच्या खड्ड्यात गळ्यापर्यंत पुरलं की अंगातली आग शेण ओढून घेतं, असं इकडे पुष्कळ लोक मानतात. म्हातारी रडत रडत तेच सांगत होती. तिच्या दिराला असंच वाचवलं होतं. उठून बसला होता तो. आणि आता मी तिच्या सुनेच्या छातीवर बसून तिची हाडं मोडत होते.

मालक मला म्हणाले, "बाई, सोडा तिले. उकिरडा जवळच आहे, आम्ही उचलून नेतो. उशीर होऊन रायला."

"नेलं तर ती मरेल," मी म्हणाले. तीस झाले होते. मी तिचं नाक दाबून दोन श्वास दिले. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा एक, दोन, तीन.

"अन्‌ नाई नेलं अन्‌ मेली तर?" मालकांनी विचारलं.

मी मोजत राहिले. हे सगळ्यांच्या मनात होतं आणि माझ्याही. ती मेली, तर सिस्टरबाईने शेणात ठेवू दिलं नाही म्हणून मेली, असं होणार होतं. आधी चुकीचं सांगितलं आणि मग वाचवूही दिलं नाही. मालकांनी तिच्या पायांना हात घातला. म्हातारी माझा हात ओढत होती. ढग अजून गडगडत होते, आणि आम्ही सगळे मोकळ्या धुऱ्यावर, वीज पडलेल्या झाडाच्या शेजारी.

आशाताई मधे आली. ती म्हातारीसमोर चिखलात बसली, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि तिच्या भाषेत बोलू लागली. ओरडून नाही, अगदी हळू. मग मालकांकडे वळून म्हणाली, "शेण इकडंच आणा जी. टोपलंभर आणा. पायाले लावा, गुडघ्यापर्यंत लावा. छाती बाईले सोडा. पाय तुमचे, छाती बाईची."

मालक फावडं टाकून उकिरड्याकडे पळाले.

मला काय वाटलं ते मी खरं सांगते. मला त्या वेळी शेणाचा राग आला नाही. पायांना जखम नव्हती. माझे हात मोकळे राहत होते, एवढंच मला दिसलं. टोपलं आलं. म्हातारी सरकत सरकत सुनेच्या पायांपाशी आली, तिचे स्वतःचे पाय अजून मेल्यासारखेच होते. ती दोन्ही हातांनी शेण लावू लागली, चोळू लागली, पुटपुटू लागली. मी वर मोजत होते, ती खाली पुटपुटत होती. पावसाचं पाणी दोघींच्या तोंडावरून धावत होतं. माझे हात भरून आले तेव्हा आशाताईने दाब द्यायला घेतलं आणि मी फक्त श्वास देत राहिले. तिने ती बाहुली कधी पाहिलीही नव्हती. माझ्याकडे पाहून तिने सुरू केलं होतं.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. आशाताई म्हणते, चिलीम ओढून व्हायला लागतो तेवढा. मला तो एक अख्खा दिवस वाटला. मग माझ्या गालाखाली काहीतरी घरघरलं. मी आशाताईला थांब म्हटलं. मानेला बोटं लावली. ठोका होता, वेडावाकडा, पण होता. तिने खोल, ओढून घेतल्यासारखा एक श्वास घेतला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

म्हातारीने शेणाचे हात थांबवले नाहीत. तिला कोणीतरी सांगावं लागलं.

गावातून फोन करून बोलावलेली रुग्णवाहिका नाल्याच्या पलीकडे येऊन थांबली, कारण नाला भरला होता. गावातल्या चार जणांनी बाज खांद्यावर घेतली आणि कमरेएवढ्या पाण्यातून तिला पार नेलं. मी बाजेच्या कडेला धरून चालत होते आणि प्रत्येक पावलाला तिचा श्वास ऐकत होते. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या पाठीवरची लाल नक्षी मला दाखवली. झाडाच्या फांद्या काढाव्यात तशी, खांद्यापासून कमरेपर्यंत. मग त्यांनी पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे शेण कशाला?" मी म्हणाले, "लागलं असेल, सर. शेतातच पडली होती."

ती बारा दिवस तिथे होती. डाव्या कानाचा पडदा गेला. चार-पाच दिवस तिला स्वतःचं गाव आठवत नव्हतं. म्हातारीचे पाय मात्र त्याच संध्याकाळी पूर्ववत झाले आणि ती सुनेच्या खाटेखाली पडून राहिली.

मी परत आले आणि दोन दिवस जेवले नाही. आशाताईला म्हणाले, "ताई, मी साधं 'गाज' म्हटलं असतं तर?"

ती तांदूळ निवडत होती. "तुमाले माहीत होतं का?"

"नाही."

"मग? मी तुमाले वावधन सांगितलं, झड सांगितली. हे नाई सांगितलं. काऊन नाई सांगितलं? हा शब्द आमी घरात काढत नाई जी. काढला की येते." तिने तांदळातला एक खडा काढून टाकला. "म्हणजे माहं बी चुकलं."

तिने हे माझी समजूत काढायला म्हटलं की खरंच, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून घरोघर आणि बांधीबांधीवर जाऊन विचारलं. कोण काय म्हणतं, कोणत्या शब्दाला उठून पळतं, कोणत्या शब्दाला नुसतं हसतं. इज, गाज, बिजली. गोंडी बोलणाऱ्या एका आजोबांनी सांगितलेला शब्द मला नीट उच्चारता येईना, तर त्यांनी तो मला दहा वेळा म्हणायला लावला. संदेश अजूनही त्याच भाषेत येतो. मी तो वाचते, मोबाईल खिशात टाकते आणि मग या माणसांच्या शब्दांत ओरडते, झाडाखाली जाऊ नका हे आधी.

पुढच्या आषाढात टोळी पुन्हा आली. हिरव्या लुगड्यातलीही आली. शेतात जात नव्हती, समाजमंदिराच्या मागे चूल मांडून सगळ्यांचा स्वयंपाक करायची. एक दिवस सकाळी ती ओसरीवर येऊन बसली. मला वाटलं, मलम हवं असेल. तिने उजवा कान माझ्याकडे करून विचारलं, "दीदी, मोला का होय रहिस? बता ना." मला काय झालं होतं, सांग ना.

मी म्हणाले, घरच्यांनी सांगितलं नाही का? ती मान हलवून नाही म्हणाली. घरात कोणी बोलत नाही. सासू त्या दिवसाचं नावही काढू देत नाही. विचारलं की उठून जाते. तिला फक्त सासूचा पाय रुतला होता एवढं आठवत होतं, आणि मग दवाखान्याचं छत.

मी तिला सगळं सांगितलं. माझ्या मोडक्या हिंदीत, तिच्या भाषेतले जे शब्द आले ते घालून. भोंग्यावर मी काय म्हणाले तेही सांगितलं, ते सांगायलाच मला जास्त वेळ लागला. ती रागावली नाही. हसलीही नाही. फक्त "फेर?", म्हणजे "मग?", म्हणत राहिली. फेर? मी सांगत गेले. सासूने तिचे पाय कसे चोळले ते सांगितलं तेव्हा तिने आपले पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"दाई रोवत रहिस?" तिने विचारलं. आई, म्हणजे सासू, रडत होती का?

"हो," मी म्हणाले. "पूर्ण वेळ."

तिला जायचं होतं, चुलीवर डाळ होती. पण ती लगेच उठली नाही. मी आत जाऊन दोघींसाठी चहा ठेवला. तो पिऊन झाल्यावर ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि समाजमंदिराकडे चालायला लागली.